खलाशी : एक

पूर्णगड बंदराचं सन अठ्ठावीसचं आवक-जावक बुक
कसरीनं कडेकडेनं खाल्लंय,
मधला मजकूर शाबूत.
मीठ, कौलं, सुकी मासळी, पुन्हा मीठ,
आणि मग पाध्ये कारकुनांच्या वळणदार मोडीत
एक नोंद, जिच्यापाशी टाक अडखळलाय:

गलबत : बत्तीस फूट, एक काठी.
तांडेल : होळकर.
खलाशी : एक. (तोच.)
माल : नाही.
कुठून : घरून.
कुठे : घरी.

होळकर नव्हे, होल्गर असणार.
पाध्यांच्या कानाला जवळचं वाटलं ते त्यांनी लिहिलं,
आणि अकरा दिवस अख्खं गाव
त्या तांबूस दाढीच्या माणसाला होळकर म्हणत राहिलं.
तोही ओ देत राहिला.
अडीच वर्षं नुसता किटलीशी बोलत आलेला,
त्याला कुठलंही नाव चाललं असतं.

समासात बारीक अक्षरात, सरकारनं न विचारलेलं:
"विचारले, रात्री सुकाणू कोण धरतो.
सांगितले, दोरी.
विचारले, भीती."
पुढे शाईचा डाग.

सुकाणूच मोडून आला होता तो.
गुणाजी मेस्त्रीनं किंजळीची फळी तासून नवं बसवलं.
मजुरी विचारली तर म्हणाला,
नकाशात आमची खाडी दाखव.
नकाशात रत्नागिरी होती, विजयदुर्ग होता,
मध्ये नुसता किनारा, सलग,
कुणी राहतच नसल्यासारखा.
होळकरनं पेन्सिल जिभेवर ओली केली, ठिपका दिला.
जरा खाली, गुणाजी म्हणाला.
ठिपका जरा खाली गेला.

बाकीचं बुकात नाही.
ते शाबान तरीवाल्याच्या नातवानं सांगितलं,
पुलाच्या कठड्याला मोटरसायकल टेकवून.

नवव्या दिवशी होळकर गावखडीला जायला तरीत बसला.
अडीच वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या होडीत.
हात कुठे ठेवायचे त्याला कळेना.
शिडाची दोरी नाही, सुकाणू नाही.
मग मांडीवर ठेवले,
आणि मुचकुंदीच्या मधोमध
सुंभाच्या गुंडाळीला टेकून
तोंड उघडं टाकून झोपला.

गावखडी आली. उतारू उतरले.
शाबाननं त्याला हलवलं नाही.
परत पूर्णगड. परत गावखडी.
मासळीवाल्या टोपल्या सावरत त्याचे पाय ओलांडून गेल्या,
कुणाची तरी बकरी टोपी हुंगून गेली,
मतलई पडला, खारा वारा सुटला,
भरती चढली, थबकली, फिरली,
आणि अर्ध्या तासापलीकडे ज्यानं कधी डोळा लावला नव्हता
तो पाव मैलाच्या पाण्यात
दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे निजला.
दिवेलागणीला जाग आली
तेव्हा समोर पूर्णगडच.

मी कारकून माणूस,
रत्नागिरीच्या ट्रेझरीपलीकडे न गेलेला.
मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला:
पाव मैल, दिवसाला वीस खेपा,
पावसाळा वगळून आठ महिने, चाळीस वर्षं.
शाबाननं वल्ह्यावर अठ्ठेचाळीस हजार मैल काटले.
पृथ्वीला दोन फेऱ्या भरायला
दोन हजार मैल कमी पडतात.
ते मी त्या एका दिवसाच्या नावावर माफ केले.
हाताखाली कुणी ऑडिटर नव्हता.

होळकर उधाणाच्या पाण्याबरोबर पहाटे बाहेर पडला.
"पोचल्याची खबर" हा रकाना कोरा आहे.
मोडी मला येते. शाईही आहे.
भरू म्हटलं तर काय भरू?

शाबानला तेव्हा लोकांनी विचारलं होतं,
अरे, उठवलास का नाय त्याला?
तर वल्हं पुसता पुसता म्हणाला,
कंच्या काठाला उतरायचंय
ता सांगितलान कुठं?